भिंतीला हात लावणाऱ्या सिस्टर

कांबळे सिस्टर कुणाच्याही घरात शिरल्या की आधी भिंतीला हात लावायच्या आणि मग बसायच्या. तळहात नव्हे, हाताची मागची बाजू. तापकऱ्याच्या कपाळाला लावतात तशी. त्यांची सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात गेली, तिथली ही सवय. निवृत्तीनंतर कपाळं मिळेनात म्हणून सिस्टर भिंतींवर आल्या, असं माझे सासरे, आबा, म्हणायचे. ते हे त्यांच्या तोंडावर म्हणायचे आणि त्याही तोंडावर उत्तर द्यायच्या, "कपाळ तुमचं बी हाय की, आबा. पर तेच्यात बघण्यासारखं काय न्हाय."

राजारामपुरीतली आमची इमारत चार मजल्यांची. तळाला एक क्लास आणि झेरॉक्सचं दुकान. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, आमच्या बरोबर वर तिसऱ्यावर सिस्टर एकट्या, आणि त्यांच्या वर चौथ्यावर पाटलांचं भरलेलं घर. नवऱ्यामागं दोन मुलींना शिकवून, लग्नं करून देऊन सिस्टरांनी हा फ्लॅट घेतला होता. इमारतीच्या सोसायटीच्या अध्यक्ष त्याच. निवडून वगैरे आल्या नव्हत्या, पण त्यांच्यासमोर दुसरं कोण बसणार?

मूळच्या त्या चंदगडकडच्या. तिकडचा पाऊस बघत वाढलेल्या बाईला ओल काही नवी नव्हती. "आमच्याकडं भिताडाला बुरशी आली न्हाय तर लोक इच्यारतात, औंदा पाऊस झाला न्हाय व्हय," असं त्या सांगायच्या. बुटक्या, अंगानं भरलेल्या, घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवलेली. बोलताना गावाकडच्या बायकांसारखं स्वतःला 'मी आलो, मी गेलो' म्हणायच्या. आवाज असा की त्या वरून दूधवाल्याशी बोलायला लागल्या की खालच्या क्लासमधले सर खिडकी लावून घ्यायचे. आणि लावलेली खिडकी तर सिस्टरांना चालायचीच नाही. 'खिडकी उघडा' हे त्यांचं पालुपद. पाटलांची नवी सून पाया पडायला आली तेव्हा तिला त्यांनी आशीर्वाद नंतर दिला. आधी सांगितलं, "बाथरूमची खिडकी उघडी ठेवत जा."

आमच्या घरात ओल आली ती आबांच्या खोलीत. आधी कपाटामागं काळे ठिपके दिसले. मी पुसले. मग कपाटातल्या साड्यांना वास यायला लागला. मग एका दुपारी भिंतीवरचं घड्याळ खिळ्यासकट आणि बशीएवढ्या गिलाव्यासकट खाली आलं. त्या जागेवर आम्ही कॅलेंडर लावलं. ओल झाकण्यासाठी कॅलेंडर लावायचं हे आमच्या इमारतीत घरोघरी चाललं होतं. काही घरांत तर एकाच भिंतीवर तीन-तीन कॅलेंडरं होती आणि त्यातली दोन जुन्या सालातली.

आबांची कॉट त्याच भिंतीला लागून. आमचं गाव शिरोळकडचं. पुरात घरात पाणी शिरलं तेव्हा आबांनी वैतागून गाव सोडलं आणि कोल्हापुरात आमच्याकडं राहायला आले. "पुराला भिऊन दुसऱ्या मजल्यावर आलो, तर पाणी डोक्यावरनं आलं," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. सांगताना हसायचे, पण हसता हसता खोकला लागायचा आणि मग छातीतून शीळ वाजल्यासारखा आवाज यायचा. तरुणपणी तालमीत घुमलेला माणूस चार पायऱ्या चढला की कठड्याला धरून उभा राहायला लागला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, या घरात ह्यांना ठेवू नका, आणखी एक पावसाळा असा गेला तर अवघड आहे. पण ठेवायचं कुठं? गावचं घर पडलेलं. फ्लॅट विकावा म्हटलं तर बघायला येणारे दारातच नाक मुरडायचे आणि "कळवतो" म्हणून निघून जायचे.

हे सगळं मी एकदा जिन्यात सिस्टरांना सांगितलं आणि सांगता सांगता रडले. त्या ऐकून घेत होत्या आणि एकीकडे जिन्याच्या भिंतीला हात लावून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "घर कशाला बदलायचं? भिंत बरी करायची. मी हाय न्हवं."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी सिस्टर खाली यायला लागल्या. वाफ द्यायचं मशीन आम्ही आणलं होतं, पण आबा माझ्या हातून मास्क लावून घेत नसत. सिस्टरांपुढं त्यांची मात्रा चालायची नाही. त्या मास्क लावायच्या, पाठीवर हाताची मागची बाजू ठेवायच्या आणि डोळे मिटून ऐकायच्या. आबा मास्कच्या आतून त्यांना शिव्या द्यायचे. "काय ऐकू येत न्हाय," त्या म्हणायच्या, "चालू द्या."

इथं एक सांगायलाच हवं. आबा त्यांच्या हातून वाफ घ्यायचे, गोळ्या घ्यायचे, बोलणीही खायचे. पण सिस्टरांच्या घरी मात्र ते कधी काही घेत नसत. जिना चढता यायचा त्या दिवसांतही वर्गणीच्या निमित्तानं वर गेले आणि सिस्टरांनी चहा विचारला की म्हणायचे, "पथ्य हाय." जुन्या वळणाच्या माणसाचं ते पथ्य कसलं, हे आम्हाला ठाऊक होतं आणि सिस्टरांना तर आमच्याहून जास्त ठाऊक होतं. मला शरमेनं मेल्यासारखं व्हायचं. सिस्टर त्यावर कधी एक अक्षर बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी खाली हजर व्हायच्या.

आता कुणाला वाटेल की सिस्टरांना भिंतींमधलं फार कळत होतं. तसं काही नाही. त्यांचा अंदाज चुकायचा आणि चुकायचा तो दणक्यात चुकायचा. ओल गच्चीतूनच येते, असं त्यांनी ठरवून टाकलं. सगळ्यांना तयार करून त्यांनी गच्चीवर नवा कोबा घालून घेतला. उन्हात छत्री घेऊन स्वतः उभ्या राहिल्या, गवंड्याला जेवायच्या सुट्टीतही बोलत राहिल्या. गच्ची इतकी देखणी झाली की लोक संध्याकाळी तिथं जाऊन बसायला लागले. मग पावसाळा आला आणि आबांच्या भिंतीवर त्याच जागी तेच काळे ठिपके उमटले.

पाटलांनी संधी सोडली नाही. "सिस्टर," ते जिन्यात सगळ्यांदेखत म्हणाले, "पेशंट बरा झाला का नुसती टोपी घातली त्याला?"

"चुकलं माझं," सिस्टर म्हणाल्या. "आता दुसरं औषध."

दुसरं औषध म्हणजे पाटलांची मोरी. गच्ची नाही म्हटल्यावर पाणी तिथूनच पाईपाच्या कडेनं खाली उतरत असणार, असा सिस्टरांचा संशय. मुलाच्या लग्नाआधी पाटलांनी बाथरूममध्ये नव्या टाइल्स बसवल्या होत्या, मोरपंखी रंगाच्या, आणि पाहुण्यांना ते हॉलच्या आधी बाथरूम दाखवायचे. ती फोडायची म्हटल्यावर ते खवळले.

"माझ्या मोरीतनं एक थेंब खाली जात न्हाय!"

"मग कुणाच्या जातोय? माझी तर कोरडी ठणठणीत हाय!" सिस्टर.

ही वादावादी जिन्यात, गच्चीत, खाली भाजीच्या गाडीपाशी अशी बरेच दिवस चालली. दोघांचंही खरंच तसं मत होतं. आणि मधल्या मध्ये आबांची शीळ वाढत चालली होती.

शेवटी गच्चीवर सगळ्यांची बैठक झाली तेव्हा सिस्टरांनीच तोड काढली. दवाखान्यात पोटात रंग सोडून फोटो काढतात आणि कुठं बिघाड आहे ते बघतात, तसंच करायचं. प्रत्येक मोरीत वेगळ्या रंगाचं पाणी उभं करायचं. आबांच्या भिंतीवर जो रंग येईल, ती मोरी फोडायची. मग रडायचं नाही आणि भांडायचं नाही.

"रंग कुठनं आणायचा?" कुणीतरी विचारलं.

"गुलाल हाय की आमच्यात," पाटलांची बायको म्हणाली. पाटलांनी तिच्याकडं असं बघितलं की ती गप्प झाली.

"जोतिबाचा असंल तर नको," सिस्टर लगेच म्हणाल्या. "देवाचा गुलाल मोरीत वतायचा न्हाय."

"देवाचा न्हाय," पाटील खाली बघत म्हणाले, "इलेक्शनचा हाय."

तेव्हा कुठं त्या पोत्याचा उलगडा झाला. पाटलांच्या गॅलरीत ताडपत्रीखाली काहीतरी झाकलेलं होतं आणि त्याबद्दल विचारलेलं त्यांना आवडत नसे. त्यांचा चुलतभाऊ गावात निवडणुकीला उभा होता. विजयाची एवढी खात्री की मतमोजणीच्या आधीच गुलालाचं पोतं आणून ठेवलेलं, ढोलताशावाल्यांना सांगून ठेवलेलं. भाऊ सडकून पडला. गावात ते पोतं ठेवायची सोय राहिली नाही म्हणून पाटलांनी ते गाडीत घालून कोल्हापूरला आणलं. परत कोण घेणार आणि टाकणार तरी कुठं? ते तसंच पडून होतं. आमच्या इमारतीत त्या दिवशी पाटलांची जेवढी चेष्टा झाली तेवढी त्यांच्या भावाची गावातही झाली नसेल.

"बरं झालं, कुठंतरी उधळंल तरी," आबा खोकत म्हणाले. त्यांना खुर्चीत बसवून गच्चीवर आणलं होतं.

पाटलांकडं गुलाबी ठरला. सिस्टर म्हणाल्या, "माझ्याकडं निळा हाय. जयंतीच्या मिरवणुकीतला उरलेला." आणि आबा हटून बसले की आमचीही मोरी तपासा, उगाच कुणी बोलायला नको. आमच्या वाट्याला स्वयंपाकघरातली हळद आली.

दुसऱ्या दिवशी मोरीच्या जाळ्या बंद केल्या आणि तिन्ही घरांत रंगीत पाणी उभं केलं. आबांची कॉट हॉलमध्ये हलवली आणि भिंतीवरची कॅलेंडरं उतरवली. पाटलांकडं पोरंबाळं गुलाबी पायांनी घरभर हिंडली. ती रात्र सगळ्यांनी हात-पाय न धुता काढली.

सकाळी मी चहा टाकत होते तेव्हा सिस्टर आल्या आणि सरळ खोलीत गेल्या. मी वाट बघत होते की आता आतून आवाज येईल. आला नाही. सिस्टर एखाद्या खोलीत आहेत आणि गप्प आहेत, असं कधी झालं नव्हतं. मी गॅस बारीक करून आत गेले.

त्या भिंतीला हाताची मागची बाजू लावून उभ्या होत्या. आबांचं डोकं जिथं असायचं त्याच्या थोडं वर, ओलीच्या कडेकडेनं निळा रंग उतरला होता. गुलाबीचा कुठं मागमूस नव्हता. हळदीचाही नाही.

मी एवढंच म्हणाले, "सिस्टर, अजून कुणी उठलेलं नाही. मी पुसून टाकते. नंतर गुपचूप तुमच्या मोरीचं काम करून घेऊ." मी हे मनापासून म्हटलं. पाटील किती बोलतील हे मला दिसत होतं.

सिस्टरांनी माझ्याकडं बघितलं. "पुसून भिंत वाळंल व्हय?" म्हणाल्या आणि जिन्यात गेल्या.

"पाटील!" त्यांचा तो आवाज चारी मजले घुमला. "खाली या! सगळीच या! निळा आलाय! माझा हाय!"

लोक अंथरुणातून उठून आले. पाटील बनियनवरच आले. सगळ्यांनी भिंत बघितली. सिस्टर मधोमध उभ्या होत्या. आबा हॉलमधून उठून दाराला धरून उभे होते. त्यांच्याकडं वळून सिस्टर म्हणाल्या, "आबा, रोज मी तुमास्नी वाफ देत होतो आणि ओल माझ्याच घरातनं येत होती. तुमची छाती माझ्या मोरीनं भरली."

मग आबा म्हणाले, "मग रोज जिना उतरून कशाला येत होतासा? वरनंच सोडायची की वाफ बी."

पाटील खो खो हसले, आम्ही सगळे हसलो, सिस्टरही हसल्या. हसता हसता त्या आबांच्या खुर्चीत बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. त्यांना रडताना आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. पाटील निळ्या डागाजवळ गेले. मग म्हणाले, "सिस्टर, एकट्या तुमची कशाला, माझी बी फोडूया. पाईप वरपासनं खालपर्यंत एकच हाय. आज तुमचा गळतोय, उद्या माझा गळंल." त्यांची बायको मोरपंखी टाइल्सच्या आठवणीनं कळवळली असणार, पण तिनंही मान हलवली.

मला आजही वाटतं, आमची इमारत दुरुस्त झाली ती त्या सकाळी. त्याआधी प्रत्येकजण 'माझ्याकडून नाही' एवढंच म्हणत होता. अध्यक्षबाईच 'माझा आहे' म्हणाल्यावर बाकीच्यांना ते वाक्य म्हणता येईना. पुढं जे जे निघालं, कुणाच्या संडासाचा जोड, कुणाच्या गॅलरीतली भेग, ते लोक आपण होऊन सांगायला लागले.

सिस्टरांच्या मोरीत जाळीभोवतीची फरशी आतून चिरली होती. वरून काही कळत नव्हतं. ती उखडली, जुने पाईप काढले, नवे टाकले. आबांच्या खोलीचा गिलावा विटेपर्यंत खरवडला. कंत्राटदाराला लगेच नवा गिलावा करून मोकळं व्हायचं होतं. सिस्टर विटेला हात लावून म्हणायच्या, "न्हाय. अजून ओली हाय. वरनं झाकलं की आत चिघळणार." कंत्राटदार चिडायचा. सिस्टरांनी सगळ्या घरांतले टेबलफॅन गोळा केले आणि त्या भिंतीकडं तोंड करून लावले. इमारत उकाड्यात बसली होती आणि आमची भिंत वारा खात होती. पण कुणी कुरकुर केली नाही.

ज्यांच्या मोऱ्या फोडलेल्या, त्यांनी दुसऱ्यांकडं अंघोळीला जायचं ठरलं. सकाळी जिन्यातून टॉवेल आणि साबणाच्या डब्या वर-खाली जायच्या. सिस्टर आमच्याकडं यायच्या होत्या. पहिल्या दिवशी बादली आणि कपडे घेऊन त्या आमच्या दारात आल्या आणि उंबऱ्याबाहेरच थांबल्या. रोज वाफ द्यायला सरळ आत घुसणारी ही बाई, त्या दिवशी थांबली. हॉलमध्ये आबा बसले होते. मी पुढं होणार तेवढ्यात तेच म्हणाले, "भाईर का उभारलासा? पाणी तापलंय." गीझर आबांनीच सकाळी मला लावायला सांगितला होता. सिस्टर आत गेल्या. त्यांची धुतलेली साडी आमच्या दोरीवर वाळत पडली. संध्याकाळी आबा मला म्हणाले, "उद्यापासनं दोरी मोकळी ठेवत जा त्यांच्यासाठी." एवढंच.

भिंत वाळली, गिलावा झाला, रंग झाला. पुढचा पावसाळा आला आणि भिंतीवर ठिपका उठला नाही. वाफेचं मशीन आधी दिवसाआड, मग कधीमधी लागायला लागलं. आबा आधी दारापर्यंत, मग खालच्या झेरॉक्सवाल्यापर्यंत जाऊन यायला लागले. माझ्या सासऱ्यांना मी माझ्या घरात श्वास घेताना बघत होते. याबद्दल सिस्टरांचे उपकार मी कसे फेडणार, मला कळत नाही. एकदा तसं म्हटलं तर त्या म्हणाल्या, "उपकार कसले? माझीच घाण मी काढली. खिडकी उघड."

त्यानंतर त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला. जिना झेपेना. धाकट्या मुलीनं पुण्याला बोलावलं, फ्लॅट भाड्यानं द्यायचं ठरलं. जायच्या दिवशी सामान टेम्पोतून पुढं गेलं आणि खाली रिक्षा येऊन थांबली. मी वर त्यांना मदत करत होते. रिकाम्या खोल्यांतून त्या एकेका भिंतीला हात लावून निरोप घेतल्यासारख्या हिंडत होत्या.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. सावकाश, पण न थांबता. सिस्टरांनी कान दिला. मी बघायला जाणार तर त्यांनी मला हातानंच अडवलं. त्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या, वाफ देताना ऐकायच्या तशाच डोळे मिटून. आबा वर आले. कठड्याला न धरता, धोतराचा सोगा सावरत. सिस्टरांनी त्यांना पाठ फिरवायला लावली, पाठीवर हाताची मागची बाजू ठेवली आणि बराच वेळ तशीच ठेवली.

"शीळ न्हाय," त्या म्हणाल्या.

आबा त्यांच्या रिकाम्या हॉलमध्ये खाली फरशीवर बसले. "सिस्टर, च्या टाका," ते म्हणाले.

सिस्टर एकदम गडबडल्या. "अवो आबा, शेगडी गेली की टेम्पोतनं. सिलिंडर बी दिला. आधी सांगायचं न्हाय व्हय?"

"मग पाणी द्या."

खालून रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. सिस्टरांनी बांधलेली पिशवी सोडली, तळातून एक फुलपात्र काढलं, पदरानं पुसलं आणि प्रवासाच्या बाटलीतलं पाणी ओतून दोन्ही हातांनी आबांपुढं धरलं. आबांनी ते तोंडाला लावलं आणि एका दमात संपवलं. मिशी पुसली. रिक्षावाल्यानं पुन्हा हॉर्न वाजवला.

आबांनी फुलपात्र पुढं केलं. "आणखी द्या," ते म्हणाले.